चोर सोडून संन्याशाला सुळी

सुरतेहून उधना ओलांडून नंदुरबार-जळगावकडे जाणारा लोहमार्ग ज्या वस्त्यांच्या कडेने धावतो, त्यांपैकी डिंडोली ही एक. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या हजारो कुटुंबांनी ही वस्ती वसवली आहे. येथे गल्लीत अहिराणी बोलली जाते, दुकानात गुजराती, आणि कारखान्यात तिन्ही भाषांची खिचडी. पुरुष मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या भरतात. स्त्रिया घरी बसून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, घड्या घालतात. साऱ्या देशाला नेसवणाऱ्या या नगरीच्या वैभवाचा पाया ज्या हातांवर उभा आहे, ते हे हात. या हातांना आठवड्यातून एखाद्या दिवशी बाजारात जाण्याची फुरसत मिळते, आणि तेथे त्यांच्या वाट्याला काय येते, हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

अशा वस्तीतील एक संसार डोळ्यांसमोर आणावा. आखाजी जवळ आली आहे. सासरी गेलेली लेक माहेरी यायची आहे. तिच्या घरी देण्यासाठी म्हणून माय तीन-चार महिने पैसे बाजूला ठेवते आणि शहरातील एका झगमगीत दुकानातून मिक्सर घेते. खोके कोरे करकरीत, वर चिकटपट्टी, आत हमीपत्र. सणाच्या दिवशी लेकीसमोर खोके उघडले जाते, आणि भांड्याच्या पात्याखाली वाळलेल्या हळदीचा पिवळा डाग दिसतो. यंत्र चालू केले तर जळका वास येतो. कोणीतरी आधी वापरलेली वस्तू नवी म्हणून गळ्यात मारली गेली, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून नवरा-बायको दुकानात जातात. तेथील तरुण विक्रेता खोक्याकडे न पाहता त्यांच्या कपड्यांकडे पाहतो आणि सांगतो, ''बेन, वापरून आणलाय तुम्ही. असे रोज येतात.'' भोवती चार गिऱ्हाइके उभी असतात. व्यवस्थापक जेवायला गेलेला असतो. कंपनीचा दूरध्वनी लावला तर यंत्रातील आवाज एक दाबा, दोन दाबा असे सांगत राहतो आणि शेवटी संगीत ऐकवून बंद होतो. पावतीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तीन-चार हजारांचे नुकसान कदाचित त्या माउलीने सोसले असते. पण चार लोकांत चोर ठरण्याचे दुःख कोणत्या हमीपत्राने भरून यावे?

हे चित्र कोणा एका दुकानाचे नव्हे. कमी-अधिक फरकाने हा अनुभव सुरतेत, मुंबईत, पणजीत आणि पुण्यात ज्याला आला नाही असा मध्यमवर्गीय किंवा कष्टकरी माणूस विरळा. म्हणूनच त्याच्याकडे केवळ एका बाईचे गाऱ्हाणे म्हणून पाहून चालणार नाही. तिच्यावर आळ घेणारा विक्रेता सर्वस्वी खोटे बोलत होता काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, तो अर्धे खरे बोलत होता. वापरून परत आणणारे रोज येतात, हे खरेच आहे. किंबहुना त्या माउलीच्या हाती पडलेला मिक्सर हा अशाच कोणा महाभागाने घरचे कार्य उरकून साळसूदपणे परत केलेला मिक्सर असण्याचाच संभव अधिक. लबाडी एकाने केली. दुकानाने तो तोटा स्वतःच्या अंगावर न घेता नवी चिकटपट्टी लावून पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलला. आणि त्या गिऱ्हाइकाने दाद मागताच पहिल्याच्या लबाडीचा आळ तिच्यावर घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा याहून चोख प्रकार दुसरा कोणता?

परतीच्या सवलतीचा गैरवापर हा आता घरोघरी चेष्टेचा, क्वचित कौतुकाचाही विषय झाला आहे, याची आम्हांस खंत वाटते. लग्नात मिरवलेला शालू किंमतीची चिठ्ठी जपून ठेवून चौथ्या दिवशी परत करणे, नव्या वस्तूच्या खोक्यात घरची जुनी बंद पडलेली वस्तू घालून पाठवणे, मिळालेली वस्तू मिळालीच नाही असे सांगून पैसे उकळणे, हे सारे करणारी माणसे उपाशीपोटी असतात असे नव्हे. अमेरिकेत समारंभात मिरवून वस्त्र परत करण्याच्या या चालीला 'वॉर्डरोबिंग' असे स्वतंत्र नावच पडले आहे. तेथील काही मोठ्या दुकानांनी वारंवार परत करणाऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला, आणि युरोपातील काही वस्त्रविक्रेत्यांनी २०२२ च्या सुमारास परतीसाठी शुल्क लावले. म्हणजे मूठभरांच्या चलाखीचा दंड तेथेही सर्वांनाच भरावा लागत आहे.

आपल्याकडे या चलाखीची झळ कोणाला लागते, हे पाहायचे तर पुन्हा डिंडोलीसारख्या वस्तीतच यावे लागते. संगणकावरच्या बाजारपेठांनी गेल्या काही वर्षांत सुरतेच्या साडीला देशभर वाट करून दिली. एका खोलीच्या घरात राहणारी स्त्रीदेखील आज बाजारातून दहा-वीस साड्या आणून मोबाइलवर त्यांची छायाचित्रे टाकते आणि आसामपासून केरळपर्यंत पाठवते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, आणि ते आम्हांस आनंदाचे वाटते. परंतु पाठवलेल्या नव्या साडीच्या बदल्यात परत आलेल्या पुडक्यातून फाटके जुने लुगडे निघाले, तर तिने कोणाकडे पाहावे? बाजारपेठ चालवणारी बलाढ्य कंपनी ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून त्याचे पैसे तत्परतेने परत करते. पाठवणीचा खर्च आणि साडीची किंमत मात्र त्या विक्रेत्या स्त्रीच्या खात्यातून वजा होते. तिचे म्हणणे ऐकण्यासाठीही पुन्हा तोच यांत्रिक आवाज.

दैवदुर्विलास असा की, सकाळी ज्या घरात परत आलेले फाटके लुगडे पाहून डोळ्यांत पाणी येते, संध्याकाळी त्याच घरातील माणसे सदोष मिक्सर घेऊन दुकानाच्या दारात उभी असतात. एकाच दिवसात ती विक्रेती म्हणून नागवली जातात आणि ग्राहक म्हणून अपमानित होतात. विक्रेता विरुद्ध ग्राहक असा हा सामना आहे, असे जे भासवले जाते ते म्हणूनच फसवे आहे. खरा सामना आहे तो सामर्थ्यवान आणि दुबळा यांच्यातला. तोटा पाण्यासारखा असतो. तो नेहमी उताराकडे वाहतो.

सुरतेच्या घाऊक कापड बाजाराला हे सत्य नवे नाही. रिंगरोडवरील बाजारांतून बाहेरगावचा व्यापारी माल उचलून नेतो, हंगामभर दुकानात मांडतो, आणि न खपलेला माल महिन्यांनंतर परत पाठवतो. घड्या मोडलेल्या, रंग उतरलेला, फॅशन मागे पडलेली. येथील व्यापारी तो तोटा विणकऱ्याच्या देण्यातून कापतो, विणकरी मजुरीतून. ज्या शहरात शतकांपूर्वी वीरजी व्होरासारख्या सावकारांच्या शब्दावर समुद्रापलीकडचा व्यवहार चाले आणि हुंडीच्या एका कागदावर देशोदेशी पैसा उभा राही, त्या शहरात आज परत माल आणि बुडीत उधारी हा व्यापाऱ्यांच्या नित्य तक्रारीचा विषय असावा, यावरून काळाचे पाऊल कोणत्या दिशेला पडत आहे ते समजते. हुंडीमागे कायदा नव्हता असे नाही. पण कायद्याच्या आधी तिच्यामागे पत होती. आज कायदे उदंड झाले आणि पतीचा मात्र दुष्काळ पडला.

कायदे उदंड झाले म्हणताना त्यांना हिणवण्याचा आमचा हेतू नाही. उलट, ते किती भक्कम आहेत हे सामान्य माणसास ठाऊक नाही, हेच दुखणे आहे. एके काळी 'घेणाऱ्याने जपून घ्यावे' हाच बाजाराचा नियम होता. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या संसदेपुढे ग्राहकाच्या चार हक्कांचा उच्चार केला, त्यांत आपले म्हणणे ऐकले जाण्याचाही हक्क होता. आपल्याकडे महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करून एकत्र खरेदी करावी, माल पारखून घ्यावा आणि समान वाटून घ्यावा, ही तिची साधी पण क्रांतिकारक कल्पना. गुजरातेत मनुभाई शाह यांनी १९७८ मध्ये अहमदाबादेस ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्र स्थापन केले. अशा प्रयत्नांतून जागे झालेल्या लोकमताच्या पाठबळावर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्याने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घेण्यास आणि पावतीवरील मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आत, पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच होय. मग पावतीच्या पाठीवरील त्या मुंगीएवढ्या अक्षरांना काय किंमत उरते? सदोष मालापुरती शून्य. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापणे अनुचित आहे, हे तर केंद्र सरकारने १९९९ मध्येच राज्यांना कळवले होते. पाव शतक उलटून गेले, तरी ते वाक्य दुकानांच्या भिंतींवर अजून सुखाने नांदत आहे. संगणकावरील विक्रीसाठी २०२० मध्येच स्वतंत्र नियम झाले. सदोष, उशिरा पोचलेला किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आणि बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचा निकाल लावला पाहिजे, असे ते नियम सांगतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंनी बुद्धिपुरस्सर पुसला जातो. कायद्याने दिलेला हक्क आहे तो सदोष मालाबाबत. रंग आवडला नाही, मन बदलले, शेजारणीने अधिक स्वस्त आणले, म्हणून वस्तू परत करता येणे ही दुकानाने दिलेली सवलत आहे. युरोपात दुरून केलेल्या खरेदीत चौदा दिवसांत मन बदलण्याचाही कायदेशीर हक्क आहे. आपल्या दुकानांतील खरेदीबाबत तसा सरसकट हक्क नाही. सवलतीचा गैरफायदा घेणारा ग्राहक सवलतीवर घाला घालतो. पण गैरफायद्याचे निमित्त करून सदोष माल नाकारणारा दुकानदार हक्कावर घाला घालतो. पहिल्याच्या पापाने दुसऱ्याचे पाप धुतले जात नाही. सवलत नको असेल तर दुकानदाराने खुशाल बंद करावी आणि तसे मोठ्या अक्षरांत आधी सांगावे. हक्क बंद करण्याचा अधिकार मात्र त्याला कोणी दिलेला नाही.

यावर दुकानदार म्हणतील, खरा कोण आणि खोटा कोण हे आम्ही ओळखावे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कठीण नाही. वस्तू विकताना गिऱ्हाइकासमोर खोके उघडून, चालवून, तिचा क्रमांक पावतीवर लिहून द्यावा. आमच्या लहानपणी रेडिओ असाच घेतला जाई. परत आलेली वस्तू वेगळ्या कप्प्यात ठेवून 'परत आलेली' म्हणूनच कमी भावात विकावी, घेणारे घेतील. परतीच्या खिडकीवर निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस बसवावा, सर्वांत कोवळ्या आणि सर्वांत कमी पगाराच्या पोराला तेथे ढाल म्हणून उभे करू नये. तो उद्धट असतो हे खरे. पण 'परत घेतलेस तर तुझ्या पगारातून कापू' अशी ताकीद ज्याला आहे, त्याने नम्र तरी कसे राहावे? येथेही तोटा उताराकडेच वाहतो. दुकानात शिरताना मोबाइलचा क्रमांक घेण्याची जी तत्परता दिसते, तिच्या दशांश तरी तक्रार नोंदवताना दिसावी. तो क्रमांक ग्राहकावर सक्तीने मागू नये, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये बजावले असूनही मागितला जातो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

कित्येक दुकानांत गल्ल्यामागे ग्राहकाच्या थोरवीचे एक वाक्य महात्मा गांधींच्या नावाने टांगलेले असते. अभ्यासकांना ते वाक्य गांधीजींच्या लिखाणात सापडलेले नाही. नकली मालाची सुरुवात भिंतीपासूनच व्हावी, यात एक प्रकारची सुसंगती आहे खरी! गांधीजींचे नाव घ्यायचेच असेल तर साध्य-साधनशुचितेसाठी घ्यावे. नफा हे साध्य वाईट नाही. पण त्यासाठी वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे हे साधन नासके आहे.

आता ग्राहकांशी दोन शब्द, आणि ते कटू आहेत. दुकान मोठे आहे, कंपनी परदेशी आहे, तिला कोठे कमी पडते, असे म्हणून जो वापरलेली वस्तू परत करतो, त्याने त्या कंपनीचे काहीएक बिघडवलेले नसते. त्याने बिघडवलेले असते ते डिंडोलीतील साडी पाठवणाऱ्या बाईचे, खिडकीवरच्या पोराचे आणि हळदीचा डाग पाहून सुन्न झालेल्या माउलीचे. भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम फसवणुकीला शिक्षा सांगते, आणि फसवणूक करणारा गल्ल्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे याची ते कलम चौकशी करीत नाही. पण आम्ही कायद्याचा धाक घालू इच्छित नाही. आपल्या घरात मुले पाहत असतात. मिरवलेला शालू परत करून आल्यावर आई-बाप हसतात, तेव्हा ती मुले व्यवहाराचा पहिला धडा शिकतात. पुढे तीच मुले दुकान काढतात.

ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याने मात्र गप्प बसता कामा नये. पावती घेतल्याविना पैसे देऊ नयेत. करापुरती सूट मिळते म्हणून कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानणारा माणूस आपलाच पुरावा आपल्या हाताने फाडत असतो. पुडके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. दोष दिसताच तोंडी भांडण न करता लेखी कळवावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा असून तेथे मराठीसह सतरा भाषांत बोलता येते, हे गुजरातेतील मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावे. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मग कंपनीची कचेरी बंगळुरात असो की दिल्लीत.

हे सर्व सांगताना आयोगांची स्थिती आम्ही विसरलेलो नाही. कायदा तीन महिन्यांत, मालाची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत, निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात वर्षे उलटतात. मागावरच्या कामगाराची प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेली पाळी. तीन हजारांच्या मिक्सरसाठी पाच हजारांची मजुरी बुडवण्याचा सल्ला कोणत्या तोंडाने द्यावा? सरकारने ही कोंडी फोडली पाहिजे. लहान रकमेच्या तक्रारींसाठी सुटीच्या दिवशी वस्तीतच आयोगाची बैठक भरवणे अशक्य नाही. तक्रारीचा नमुना सुरतेसारख्या शहरात मराठीतही उपलब्ध व्हावा; ज्या महानगरपालिकेच्या मराठी शाळांत या वस्तीतील पिढ्या शिकल्या, त्या शहरास ही मागणी अनोळखी वाटू नये. आणि परत आलेल्या पुडक्यातील लबाडीचा भार लहान विक्रेत्यावर ढकलणाऱ्या कंपन्यांकडे, जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकदा लक्ष घालावे. कायद्याच्या व्याख्येत ती स्त्री 'ग्राहक' ठरत नसेल. पण नागवली जात आहे ती तीच.

तथापि सरकारची वाट पाहत बसणे हा आपला धर्म नव्हे. ग्राहक पंचायतीने पन्नास वर्षांपूर्वी जे दाखवून दिले ते डिंडोलीच्या गल्लीतही करता येईल. दहा-वीस कुटुंबांनी एकत्र यावे, कोणत्या दुकानात काय अनुभव आला याची वही ठेवावी, आणि एकटी बाई परतीच्या खिडकीपाशी गेली असता तिच्याबरोबर चार जणींनी जावे. एकटीला चोर म्हणणे सोपे असते; पाच जणींना तसे म्हणताना जीभ अडखळते. त्या वहीत आपल्यापैकी कोणी लबाडीने वस्तू परत केली असेल तर तेही लिहिण्याचे धैर्य असावे. मगच तिच्यातील इतर नोंदींना वजन येईल.

पुढच्या आखाजीला त्या माउलीची लेक पुन्हा माहेरी येईल. झोक्यावर बसून ती सासरच्या गोष्टी सांगेल, आणि माय तिला बाजारातून काहीतरी आणून देईल. ते खोके उघडताना दोघींच्या मनात संशय नसावा, एवढीच ही मागणी आहे. ती मोठी नाही; पण ती पुरी करण्यासाठी दुकानदार, सरकार आणि आपण स्वतः, तिघांनाही आपापल्या हातांवरचा हळदीचा डाग आधी धुवावा लागेल.